काकुनोदातेचे सामुराई वाडे कसे पाहावेत

सामुराईंची जुनी घरे पाहायची असतील, तर किल्ल्यांच्या मोठ्या शहरांऐवजी उत्तर जपानच्या आकिता प्रांतातील काकुनोदाते हे छोटे गाव निवडावे. १६२० मध्ये वसवलेल्या या गावाची मूळ रस्तेरचना आजही टिकून आहे. तोक्योहून 'कोमाची' या शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) सुमारे तीन तासांत येथे पोहोचता येते. मात्र या गाडीत सर्व आसने आरक्षित असल्याने तिकीट आधी काढून ठेवावे. सामान स्टेशनवरच ठेवून वीसेक मिनिटे चालत गेले की काळ्या फळ्यांच्या कुंपणांचा रुंद रस्ता लागतो.

सुरुवात इशिगुरो वाड्यापासून करावी. या घराण्याचे वंशज आजही वाड्याच्या एका भागात राहतात, त्यामुळे तेथे आवाज हळू ठेवणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे, ते दुसऱ्याच्या घरी गेल्याचे भान आहे. आत जाण्यापूर्वी दोन्ही दारे नीट पाहावीत, कारण मानाच्या पाहुण्यांसाठी एक आणि रोजच्या वापरासाठी दुसरे, अशी त्यांची विभागणी होती आणि माणसाचा दर्जा उंबरठ्यावरच ठरत असे. जोडे काढावे लागतात व लाकडी जमीन गार असते, म्हणून जाड मोजे घालावेत. तातामी चटयांच्या कापडी काठावर पाय देऊ नये. खोल्यांमधील भिंतीच्या वरच्या जाळीत कासवे कोरलेली आहेत. दिव्याचा उजेड पडला की त्यांच्या सावल्या पलीकडच्या भिंतीवर उमटतात आणि कासवे पोहत असल्यासारखी भासतात. तेथील मार्गदर्शक हे दाखवतात, तेव्हा घाई करू नये.

त्यानंतर जवळच्या आओयागी वाड्यात जावे. विस्तीर्ण आवारातील कोठारांत चिलखते व शस्त्रे मांडलेली आहेत. पण माझ्या मते त्याहून मोलाची आहे ती ओदानो नाओताकेची आठवण. १७७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'काइताइ शिन्शो' या शरीरशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे काढणारा हा सामुराई याच गावचा. तलवारीपलीकडचे सामुराईंचे जग येथे दिसते.

झुकत्या फांद्यांच्या चेरीचा बहर साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस असतो व तेव्हा रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. घरेच पाहायची असतील, तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीचा, पाने लाल होण्याचा काळ अधिक सोयीचा. हिवाळ्यात काही लहान वाडे बंद असतात, तेव्हा निघण्यापूर्वी वेळा तपासून घ्याव्यात आणि प्रवेशशुल्कासाठी सुटे येन जवळ ठेवावेत.