बेस गिटार आणि तारा निवडताना या चुका टाळा

"सर, हा बेस विकून दुसरा घ्यावा म्हणतोय. ह्याच्या आवाजात दमच नाही."

हे वाक्य मी शिकायला येणाऱ्या मुलांकडून इतक्या वेळा ऐकलंय, की आता पुढचं ऐकण्याआधी मी तारांवरून बोट फिरवतो. बोट काळं होतं. तारा कधी बदलल्या होत्या? "दुकानातून आणला तेव्हाच्याच आहेत." म्हणजे दोन-तीन वर्षं, तीही ठाण्या-डोंबिवलीच्या दमट हवेत, घामेजल्या बोटांखाली. त्या बेसवर मी नवा सेट चढवतो, थोडं जुळवून देतो आणि त्याच मुलाच्या हातात परत देतो. बहुतेकांचा विकण्याचा विचार तिथेच गळून पडतो.

वीस-बावीस वर्षं वाद्यवृंदांतून बेस वाजवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. वाद्य बदलायच्या आधी तारा बदला, आणि तारा बदलल्या की सेटअप, म्हणजे नेकचा (मानेचा) वाक, तारांची उंची आणि सूर, तपासा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि तक्रार मात्र तशीच राहते.

"जेमर्सन तरी कुठे तारा बदलायचा?"

हा युक्तिवाद इंटरनेटवरून येतो आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. जेम्स जेमर्सन म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओतला बेसवादक. १९६२ सालचा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, आणि त्या तारा तो तुटेपर्यंत काढत नसे. इथवर सगळं खरं. पण पुढचं कुणी सांगत नाही. फ्लॅटवाउंड तारेवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, तिच्या वेढ्यांमध्ये घाम आणि मळ साचायला फारशी जागा नसते. ती जुनी होते तसा तिचा वरचा चकचकीतपणा जातो आणि मागे गोल, ठोस ठोका उरतो. जेमर्सनला तोच हवा होता. त्याच्या ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या भागाच्या, झाकणाखाली फोमसुद्धा होता, म्हणजे सूर लांबू नये याची सोय त्याने मुद्दाम केलेली होती.

आपल्या मुलांच्या बेसवर असतात राउंडवाउंड. त्यांच्यावर गोल तार गुंडाळलेली असते आणि प्रत्येक दोन वेढ्यांमध्ये खाच असते. ती खाच मळाने भरली की तार धड वरच्या सुरांनी वाजत नाही आणि धड फ्लॅटसारखी गोलही लागत नाही. शिवाय मळ तारेवर सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे तिची जाडी आणि वजन जागोजागी बदलतं. मोकळी तार सुरात आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) बेसूर, असं व्हायला लागतं. मग मुलं ब्रिजची सॅडलं, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते सरकते तुकडे, मागेपुढे करत बसतात. मेलेल्या तारांवर ते कधीच जुळणार नाही.

राउंडवाउंडचा इतिहास पाहिला तरी मुद्दा कळतो. १९६६ मध्ये 'द हू' या बँडचा बेसवादक जॉन एंटविसल आणि तारा बनवणारी रोटोसाउंड कंपनी यांनी मिळून त्या घडवल्या, त्या पियानोसारखी लखलखीत तार हवी म्हणून. ती लखलख हवी असेल तर तारा ताज्या ठेवाव्या लागतात. ती नको असेल तर फ्लॅट लावा आणि खुशाल वर्षानुवर्षं वाजवा. राउंड लावून फ्लॅटचा आळस करता येत नाही.

माझी सवय अशी. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसायची. निकेलच्या राउंड तारा कार्यक्रमांच्या दिवसांत तीन-चार महिन्यांनी बदलायच्या, एरवी सहा महिन्यांनी. तारा पाण्यात उकळून पुन्हा लावण्याची युक्ती मीही केलेली आहे. चारेक दिवस आवाज उघडतो, पण वेढ्यांत शिरलेलं पाणी गंज धरतं आणि खुंटीवरून पुन्हापुन्हा सोडून गुंडाळलेली तार तिथेच तुटते. अडीनडीला ठीक आहे, त्याला बचत म्हणू नका.

गेज बदललं, बाकी काहीच नाही

ही चूक मी सर्वांत पोटतिडकीने सांगतो, कारण ती मी स्वतः केली आणि तिची शिक्षा दुसऱ्या कुणाला तरी भोगावी लागली.

२००८ चा गणेशोत्सव. चिपळूणजवळच्या एका गावात कार्यक्रम होता, सगळी गाणी जुनी. त्या गाण्यांना तो गोल, दबका बेस शोभतो, म्हणून मी फ्लॅटवाउंडचा जाड सेट आणला, गेज ५२ ते ११० (गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). बेसवर आधी राउंड तारा होत्या, ४० ते ९५. कल्पना बरोबर होती, वेळ चुकली. आदल्या रात्री दहा वाजता तारा चढवल्या, मोकळ्या तारा ट्यूनरवर लावल्या, बेस बॅगेत घातला. पहाटे पाचला टेम्पो निघाला. कशेडी घाटात पाऊस, परशुराम घाटात पाऊस.

दुपारी साउंड चेकला बॅग उघडली. ई तार, म्हणजे सर्वांत जाड तार, सुरातून उतरलेली. खुंटी पिळतोय, पिळतोय, सूर हलत नाही, आणि मग एकदम 'टिंग' करून तो पलीकडे उडी मारतो. कारण साधं होतं. नटची (खुंट्यांपाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची) खाच ९५ च्या तारेसाठी कापलेली, ११० ची तार तिच्यात बसतच नव्हती, वरच अडकली होती. त्यात जास्त ताणाने नेक रात्रभरात पुढे वाकलेली. बाराव्या फ्रेटवर तारा इतक्या वर गेल्या होत्या, की तार खाली दाबेपर्यंतच ती ताणून सूर चढायचा. मोकळी तार बरोबर, पाचव्या फ्रेटवरचा सूर चढा. आणि नेकचा वाक जुळवायची ॲलन की घरी.

चोवीस गाणी वाजवली. की-बोर्डवाल्याने डाव्या हाताने जमेल तितकं सांभाळून घेतलं. मध्यंतरात गाणारी मुलगी जवळ आली, तिचा हा आयुष्यातला दुसराच कार्यक्रम होता, आणि हळूच म्हणाली, "दादा, सूर कुठला धरू?" ती माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं. बेसवर गाणारा उभा असतो. पायाच हलत असेल तर तिने करायचं काय?

तर आता माझ्याकडे नियम आहे. कार्यक्रमाच्या आधी आठ दिवसांच्या आत गेज किंवा तारेचा प्रकार बदलायचा नाही. त्याच गेजच्या, त्याच प्रकारच्या तारा असतील तर दोन दिवस आधी चालतील.

गेज बदललं की पाहायचं ते असं. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, म्हणजे ०.२५ ते ०.३ मिलीमीटर. फट जास्त असेल तर तारा थोड्या सैल करून ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) घट्ट करायचा, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त कधीच नाही. तारा पुन्हा सुरात आणा, बेस रात्रभर तसाच ठेवा, सकाळी परत पाहा. लाकूड आपल्या वेगाने हलतं, त्याला घाई कळत नाही. व्हिडिओ बघून एका बैठकीत दोन फेरे मारणाऱ्या मुलांचे बेस मी दुरुस्तीला जाताना पाहिले आहेत. नेक बसल्यावर मगच सॅडलची उंची. माझ्या हाताला बाराव्या फ्रेटवर ई खाली अडीच मिलीमीटर आणि जी (सर्वांत बारीक तार) खाली दोन बरं पडतं. सर्वांत शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब सरकवायचं, उतरा असेल तर जवळ.

नटची खाच मात्र घरी करवतीच्या पात्याने कोरू नका. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याचं आहे, त्याच्याकडे त्या त्या जाडीच्या कानशी असतात. तार नुसती अडकत असेल तर खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा, बरंच काम होतं.

आणखी एक. नुसता गेजचा आकडा पाहून ताणाचा अंदाज बांधू नका. थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट तारा ४३ ते १०० च्या असूनही हाताला फार मऊ लागतात, तर दुसऱ्या कंपनीच्या जवळपास त्याच गेजच्या फ्लॅट काठीसारख्या ताठ असू शकतात. आतला गाभा कसा आहे यावर ते ठरतं. काही कंपन्या प्रत्येक तारेचा ताण छापतात, तो वाचा. ४५ ते १०५ चा साधा राउंड सेट ३४ इंची (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) बेसवर चारही तारा मिळून नेकला सत्तर-ऐंशी किलोंच्या आसपास ओढतो. हा आकडा डोक्यात असला की तारा बदलणं म्हणजे नुसतं आवरण बदलणं नव्हे, हे आपोआप कळतं.

पहिलाच बेस, तोही पाच तारांचा

पाच तारांचा बेस वाईट नाही. आमच्यासारख्यांना तो लागतोच. गाणाऱ्याची पट्टी काळी दोन (डी शार्प) आली की षड्ज ई तारेच्या अर्धा स्वर खाली जातो, आणि चार तारांवर तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. पण जो अजून चार तारा नीट थोपवायला शिकलेला नाही, त्याला पाचवी कशाला? बेस शिकण्यातली अर्धी मेहनत न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवण्यात जाते. पाचवी तार कायम गुणगुणत राहते आणि नवशिक्याला ते ऐकूही येत नाही, गाणाऱ्याला येतं.

शिवाय पाचवी, म्हणजे बी, तार मोकळी असताना सुमारे ३१ हर्ट्झवर वाजते, ई तार ४१ वर. घरच्या आठ इंची स्पीकरच्या ॲम्पमधून तो मूळ सूर निघतच नाही, वरचे सूर ऐकून आपला कान तो भरून काढतो. स्वस्त ३४ इंची बेसवर बी तार बऱ्याचदा भुसभुशीत लागते. म्हणून काही कंपन्या पाच तारांच्या बेसचं स्केल, म्हणजे हीच तारेची लांबी, ३५ इंच करतात. वर्षभर चार तारांवर वाजवा. खालचा सूर हवाच असेल तर ई तार डी वर उतरवा, की पहिल्याच फ्रेटवर काळी दोन मिळते.

दुकानात डोळ्यांनी घेतलेला बेस

रंग आवडला, लाकडाच्या रेषा आवडल्या, आणि दुकानातल्या मुलाने ॲम्पवरचा खर्जाचा नॉब पूर्ण फिरवून दोन मिनिटं स्लॅप (अंगठ्याने तारा ठोकून) वाजवून दाखवला. अशी खरेदी झाली की सहा महिन्यांनी माझ्याकडे तक्रार येते.

ॲम्पचे सगळे नॉब मध्यावर आणा. त्याआधी बेस ॲम्पला न जोडताच वाजवा, लाकूड थरथरतंय का ते पोटाला कळतं. पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. नेक जमिनीकडे झुकली तर तीन तासांच्या कार्यक्रमात ती तुमच्या डाव्या खांद्याने तोलावी लागेल. वजन साडेचार किलोंच्या वर असेल तर नीट विचार करा. मग जी तारेवर पाचव्या ते आठव्या फ्रेटवरचा प्रत्येक सूर वाजवून लांबू द्या. फेंडर पद्धतीच्या नेकवर इथे कुठेतरी एखादा सूर पटकन विझतो. थोडंफार चालतं, पण एखादा फ्रेट पार मुका असेल तर तारा बदलून ते जात नाही. तसाच दुसरा नग मागा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

फेंडरच्या दोन बेसपैकी प्रिसिजन की जॅझ, हे मला सगळे विचारतात. प्रिसिजन १९५१ चा, जॅझ १९६० चा. प्रिसिजनची नेक नटपाशी रुंद, जॅझची साधारण ३८ मिलीमीटर. प्रिसिजनचा एकच पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) आणि बँडच्या गर्दीतही न हरवणारा मधला आवाज, जॅझवर दोन पिकअप आणि जास्त छटा. लहान पंजाला जॅझची नेक लवकर पटते. मी नवशिक्याला पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) प्रिसिजन पद्धतीचाच बेस सुचवतो, कारण त्यावर लपायला जागा नाही. पण हे माझं मत आहे, जॅझ घेणारा चुकत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या बाकीच्या

३० इंची शॉर्ट स्केल बेसला लाँग स्केलच्या तारा लावू नका, जाड भाग खुंटीवर वळला की तार तिथेच तुटते. पाकिटावर स्केल लिहिलेलं असतं.

तारा ब्रिजऐवजी बॉडीच्या मागून ओवायच्या असतील तर जास्त लांबीचा सेट लागतो.

तार कापण्याआधी खुंटीच्या पुढे साधारण चार-पाच इंच सोडा, तिथे काटकोनात वाकवा, मग कापा. न वाकवता कापली तर गोल गाभ्याच्या तारेचे वेढे सुटून ती कायमची मरते. एका मुलाने चारही तारा ई तारेच्या मापाने कापल्या. खुंट्या एका रांगेत असतील तर जी ची खुंटी सर्वांत लांब असते. तो सेट गेला.

फ्रेटलेसच्या (फ्रेट नसलेल्या बेसच्या) शिसवी पट्टीवर राउंड तारा लावल्या तर पट्टी खाल्ली जाते. प्रसिद्ध फ्रेटलेस बेसवादक जॅको पास्टोरियस लावायचा, पण त्याने पट्टीवर इपॉक्सीचा कडक थर चढवला होता.

साध्या गिटारसाठीच्या ॲम्पमधून बेस मोठ्याने वाजवू नका, स्पीकरचा पडदा फाटतो.

ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) बेसची ९ व्होल्टची बॅटरी जॅक घातला की चालू होते. वाजवून झाल्यावर जॅक काढा, नाहीतर ऐन वेळी आवाज फुटायला लागेल.

आणि जुना सेट उतरवल्यावर सगळा फेकू नका. त्यातल्या बऱ्या तारा पुसून, गोल गुंडाळून बॅगेत ठेवा. कार्यक्रमात तार तुटली तर कोरी तार दोन-तीन गाणी तरी ताणत आणि उतरत राहते. वापरलेली तार आधीच ताणून झालेली असते, ती लावली की सुरात टिकते.