झिरो पीसीबीवरचा पहिला एव्हीआर बोर्ड आणि माझ्या न मेलेल्या तीन चिप

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट आहे. एका संध्याकाळी तीन एटीमेगा३२८पी (एव्हीआर घराण्यातल्या मायक्रोकंट्रोलर, प्रोग्राम भरून चालवायच्या चिप) घालवल्या मी, म्हणजे गेल्या असं समजून बसले, आणि त्यातली एक तर कचऱ्यात टाकली. ती चिप धडधाकट होती हे आठ दिवसांनी कळलं. घरून मोजून आलेले पैसे होते ते, अजून आठवलं की जीव तुटतो. म्हणून पहिल्यांदा बोर्ड बनवायला घेणाऱ्यांसाठी लिहितेय, माझ्यासारखं तुमचं होऊ नये.

बोर्ड अवघड नाहीये, घाबरू नका. झिरो पीसीबी, म्हणजे नुसती भोकं असलेला तयार बोर्ड, त्यावर चिप बसवायला २८ पिनचा आयसी बेस घ्या, जमत असेल तर झिफ सॉकेटच (दांडी उचलली की चिप सुटते ते) घ्या कारण रोज चिप काढ-घाल केली की पाय वाकतात. ७ आणि २० नंबरला ५ व्होल्ट, ८ आणि २२ ग्राउंड, १ नंबर रिसेट आणि तिथून १०के रेझिस्टर ५ व्होल्टला, १७ मोसी, १८ मिसो, १९ एससीके (या तिन्ही संगणकावरून चिपमध्ये प्रोग्राम भरणाऱ्या प्रोग्रामरकडे जाणाऱ्या तारा, एससीके त्यातला क्लॉक), ९ आणि १० ला चिपला क्लॉकचे ठोके देणारा क्रिस्टल आणि दोन्हीकडून २२ पीएफ कपॅसिटर ग्राउंडला. सप्लायच्या पायाला चिकटून एकेक १०४ (०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर) लावा, लांब नको. एडीसी (अ‍ॅनालॉग व्होल्टेज मोजणारा भाग) वापरणार नाही म्हणून २० नंबर मोकळा सोडतात बरेच जण, सोडू नका. आणि बोर्ड उलटा केला की सगळे नंबर आरशासारखे फिरतात, तेव्हा सोल्डरच्या बाजूलाही मार्करने १ लिहून ठेवा. चिप बसवायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट नाही ना ते बघा. हे सगळं दोन तासांचं काम आहे, सामान पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

आता खरं दुखणं, फ्यूज बिट, म्हणजे चिपच्या आत कायम राहणाऱ्या सेटिंग. इथे थांबून वाचा.

नवीन ३२८पी येते ती आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर, आणि ते आठाने भागलेलं, म्हणजे चालते १ मेगाहर्ट्झवर. फ्यूजचे आकडे हेक्समध्ये असतात, लो फ्यूज ६२, हाय डी९. मला बाहेरचा १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टल लावायचा होता. डेटाशीटच्या टेबलात बघितलं, सीकेसेलचे, म्हणजे क्लॉक कुठून घ्यायचा ते ठरवणारे, चारही बिट १ पाहिजेत. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बिटासमोर टिकची चौकट होती. चारही एक पाहिजेत, मग चारही टिक केले. आठाने भागायचं नव्हतं म्हणून सीकेडिव्ह८ ची टिक काढली. राइट दाबलं. ओके आलं.

आणि तिथेच घात झाला. एव्हीआरमध्ये फ्यूज "प्रोग्राम" केला म्हणजे तो बिट ० होतो, १ नाही. टिक म्हणजे प्रोग्राम्ड, म्हणजे शून्य. सीकेडिव्ह८ ला हे खटकत नाही, कारण तिथे टिक म्हणजे भागाकार चालू, टिक काढली की बंद, आपल्याला वाटतं तसंच होतं. त्यामुळे मनात पक्कं बसतं की टिक म्हणजे चालू म्हणजे १. पण सीकेसेल हा चालू-बंद नाहीये, तो चार बिटांचा आकडा आहे, आणि मी चार टिक मारून ११११ च्या जागी ०००० लिहिलं होतं. ०००० म्हणजे क्रिस्टल नाही, बाहेरून तयार क्लॉक येणार ही सेटिंग. चिप ९ नंबरवर क्लॉकची वाट बघत बसली, क्रिस्टल लावलेला असला तरी तो आता हलतच नाही, कारण क्रिस्टल हलवणारी आतली सर्किट बंद झालेली असते. मला हवं होतं एफएफ, गेलं ई०.

ओके का आलं मग? नवीन फ्यूज लागू होतात ते चिप प्रोग्रामिंग मोडमधून बाहेर पडल्यावर. म्हणून लिहिताना, तपासताना सगळं छान, आणि पुढच्या वेळी जोडलं की इनिशियलायझेशन फेल्ड. मी सोल्डरिंगवर संशय घेतला. क्रिस्टल बदलला, २२ पीएफ बदलले, बेस उपटून नवा लावला, दुसरी चिप घातली आणि तेच चार टिक मारले. मग तिसरी.

लॅबमध्ये एक सीनियर होते, त्यांनी बघितलं न बघितलं आणि म्हणाले चिप उडाली, नवीन आण. माझं स्पष्ट मत आहे, मल्टिमीटर न लावता चिप उडाली म्हणणाऱ्याकडून शिकू नका, मग तो कितीही वर्षं या लायनीत असो. दुसरे एक सल्ला देतात, प्रोग्राम भरायच्या कमांडला मायनस कॅपिटल एफ (सिग्नेचर जुळली नाही तरी चालू दे) लावून पुढे जा. नका जाऊ. सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख-आकडा, शून्य-शून्य-शून्य येत असेल तर चिपशी बोलणंच होत नाहीये, बळजबरी करून काय मिळणार? आणि सिग्नेचर १ई ९५ १४ आली तर तुमच्याकडे ३२८पी नाही, साधी ३२८ आहे, पार्टचं नाव बदला, झालं. व्हिडिओतून फ्यूजचे आकडे उचलणं तर बंदच करा, त्याची चिप वेगळी, तुमची वेगळी.

मला सोडवलं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. म्हणाले, अगं, ती क्लॉक मागतेय ना, मग दे तिला क्लॉक. एका आर्डुइनो ऊनो बोर्डच्या ९ नंबर पिनवर टायमर वनने १ मेगाहर्ट्झची चौकोनी लाट काढली, वायर माझ्या बोर्डच्या ९ नंबरला, दोन्हीकडचं ग्राउंड एक केलं, क्रिस्टल काढून ठेवला. एससीके चिपच्या क्लॉकच्या चौथ्या भागापेक्षा कमी लागतो म्हणून यूएसबीएएसपी या माझ्या प्रोग्रामरला मायनस बी १० (एससीके हळू करायचा पर्याय) दिलं. एंटर दाबलं आणि स्क्रीनवर ३२८पीची सिग्नेचर, १ई ९५ ०एफ. हात थरथरत होते माझे. लो फ्यूज एफएफ केला, क्रिस्टल परत लावला, चिप चालू. दुसरीही तशीच आली.

तेव्हा एवढं समजून असा, लो फ्यूज चुकला तर चिप बहुतेक वेळा परत येते, रडू नका. पण हाय फ्यूजमधला रिसेट डिसेबल चुकून टिक झाला तर या बोर्डने काही होणार नाही, रिसेटला १२ व्होल्ट देणारा प्रोग्रामर लागतो. म्हणून हाय फ्यूजकडे सुरुवातीला जाऊच नका. आधी तिन्ही फ्यूज वाचून कागदावर लिहा, मग फक्त लो बदला, आणि टिकवर विसंबू नका, खाली जो दोन अक्षरी आकडा दिसतो तो एफएफच आहे ना हे वाचून मगच राइट दाबा.

आणि बोर्ड बनवतानाच क्रिस्टल सोल्डर करू नका, फीमेल स्ट्रिपचा तुकडा लावून त्यात खोचा. ९ नंबरवरून एक बर्ग पिन बाहेर काढा, शेजारी ग्राउंडची एक, आणि त्यावर क्लॉक असं लिहून ठेवा.