रात्री हाताला मुंग्या येतात? आधी मनगट सरळ ठेवा

मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, सकाळी ब्लाउजचे हूक लावताना बोटांना काही कळतच नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्याच भागात हे होत असेल, तर कार्पल टनेल सिंड्रोमची शक्यता बरीच आहे. करंगळी यातून सुटते. मुंग्या मुख्यतः करंगळीत असतील तर नस बहुधा कोपरापाशी दबलेली असते आणि खालचे उपाय तिथे उपयोगी पडत नाहीत.

मनगटात तळव्याच्या बाजूला हाडांचा अरुंद बोगदा, म्हणजेच कार्पल टनेल असतो, त्यावर जाड अस्थिबंधाचं छत. बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या 9 दोऱ्या, म्हणजे टेंडन, आणि मीडियन नस त्यातूनच जातात. मनगट पुढे वाकलं काय किंवा मागे वाकलं काय, आतला दाब वाढतो आणि नस चेपते. झोपेत हात गालाखाली किंवा उशीखाली दुमडला जातो, म्हणून त्रास रात्री जास्त.

घरी एक चाचणी करता येते. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना लावा, बोटं जमिनीकडे, आणि जोर न लावता 60 सेकंद तसंच थांबा. वर सांगितलेल्या बोटांत मुंग्या आल्या तर संशय पक्का होतो. नाही आल्या म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका.

सुरुवातीच्या त्रासात सगळ्यात भरवशाचा घरगुती उपाय म्हणजे रात्री मनगटाचा स्प्लिंट, मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा. मेडिकलमध्ये सहज मिळतो, पण तो जसा मिळतो तसाच बांधू नका. बऱ्याच स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट मागे वाकेल अशी वळवलेली असते. ती स्प्लिंटच्या खिशातून ओढून काढा, टेबलावर दाबून जवळजवळ सपाट करा आणि परत घाला. हात बाजूने पाहिला तर मधल्या बोटापासून कोपरापर्यंत सरळ रेष दिसली पाहिजे. स्प्लिंटची पुढची कड तळव्यावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपावी, म्हणजे मूठ पूर्ण वळते. वेल्क्रोखाली एक बोट सहज जाईल इतकाच घट्ट बांधा. आवळून बांधला की बाहेरून दाब पडतो, मुंग्या वाढतात, आणि लोक ‘स्प्लिंटचा उपयोग नाही’ म्हणून चार दिवसांत सोडून देतात. निदान 6 आठवडे रोज रात्री घाला. दिवसा तो बांधून जोराची कामं करू नका, कारण पट्टीविरुद्ध मनगट वाकवायला उलट जास्त ताकद लागते.

दिवसाच्या कामात तीन गोष्टी छळतात: वाकलेलं मनगट, घट्ट पकड आणि हादरे. स्वयंपाकघरात कणीक मळणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तळव्याचा मनगटालगतचा भाग रेटून मळलं की थेट बोगद्यावरच वजन पडतं. त्याऐवजी पीठ पाण्यात नुसतं कालवून 20 मिनिटं झाकून ठेवा. ते आपणच मऊ होतं, मग मूठ वळून, मनगट सरळ ठेवून थोडंच मळावं लागतं. ओटा उंच वाटत असेल तर परात खाली घ्या किंवा भक्कम, न डगमगणाऱ्या पाटावर उभं राहा. लाटणं बारीक असेल तर जाड मुठींचं घ्या. कपडे पिळणं हे पकड आणि वळण दोन्ही एकदम मागतं, त्यामुळे त्रास असेपर्यंत जड चादरी निथळत टाका किंवा मशीनच्या स्पिनरमध्ये घाला. गोठ्यात हाताने धारा काढणाऱ्यांनाही हा त्रास होतो. तिथे जनावरं घरात वाटून घेणं, मधे हात बदलणं, जमल्यास मिल्किंग मशीन, एवढेच खरे पर्याय आहेत.

दुचाकीवर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर वर उचललेले असतील तर मनगट सतत मागे वाकतं. सीटवर बसून बोटं लिव्हरवर ठेवा आणि हात सरळ रेषेत येईल तितके लिव्हर मेकॅनिककडून खाली फिरवून घ्या. जड झालेली क्लच केबल बदला. की-बोर्डचे मागचे पाय मिटून ठेवा, लॅपटॉपची धारदार कड मनगटात रुतू देऊ नका. टायपिंगने हा आजार होतो, असं सर्रास सांगितलं जातं. जोराची, हादऱ्याची कामं त्यापेक्षा कितीतरी जास्त जबाबदार असतात.

मनगट जोरात चोळून घेणं, क्रेप बँडेज आवळणं टाळा. बी-6 जीवनसत्त्वाच्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका, जास्त मात्रेत त्याच नसांना इजा करतात.

मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात आणि वाढलेलं वजन यांमुळेही नस दबते. म्हणून साखर, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासून घ्या. गरोदरपणात सुरू झालेला त्रास बहुतेकींचा बाळंतपणानंतर कमी होतो, तोवर स्प्लिंट पुरतो.

बधिरपणा दिवसभर राहू लागला, हातातून कप निसटू लागला किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दुसऱ्या हाताच्या मानाने सपाट दिसू लागला, तर 6 आठवड्यांची वाट पाहू नका. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, ते बहुधा नर्व्ह कंडक्शन तपासणी, म्हणजे नसेतून संदेश कसा जातो ते मोजणारी तपासणी सांगतील. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे ते काही महिने आराम पडतो. मधुमेह असेल तर नंतरचे काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहा. शस्त्रक्रियेत बोगद्याचं छत कापून नस मोकळी करतात. बहुतेक वेळा हातापुरती भूल देतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा लवकर थांबतात, पण पकडीची ताकद परत यायला काही महिने लागतात आणि अंगठ्याचा झिजलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही.