चित्रपट डाउनलोड करताय? या चुका टाळा

मांडवी एक्स्प्रेसनं कोकणात जाताना आईसाठी आदल्या रात्रीच एका ओटीटी अ‍ॅपमधून दोन मराठी चित्रपट फोनवर उतरवून ठेवले होते. उक्शी मागं पडलं, गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली, रेंज गेली. आईनं इअरफोन लावले, पण डाउनलोडची यादी रिकामी! सकाळी मी त्या अ‍ॅपमधून लॉग आउट करून भावाच्या खात्यानं आत गेलो होतो. तेवढ्यानं सगळं पुसलं गेलं. समोरचा मुलगा म्हणाला, "काकू, टेलिग्रामवरून घ्यायचा ना, कुठंही चालतो."

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. ओटीटीवरून उतरवलेला चित्रपट म्हणजे गॅलरीतला व्हिडिओ नव्हे. ती कुलूपबंद फाइल असते आणि किल्ली त्या अ‍ॅपकडे, तुमच्या खात्याकडे असते. लॉग आउट केलं, अ‍ॅप काढून टाकलं किंवा जागा करायला अ‍ॅपचा डेटा साफ केला, की डाउनलोड गेलंच म्हणून समजा. सदस्यत्व संपलं तरी तेच. म्हणून निघायच्या आदल्या रात्री विमान मोड लावून दोन मिनिटं चालवून बघा.

भाड्यानं घेतलेला चित्रपट मात्र असा तपासू नका. यूट्यूबसारख्या ठिकाणी तो सुरू करायला साधारण 30 दिवस मिळतात, पण एकदा प्ले दाबलं की बहुधा 48 तासांत संपवावा लागतो. 'चालतोय का बघू' म्हणून शुक्रवारी दाबलेलं बटण रविवारचा बेत बुडवतं.

परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे पुण्यात उतरवलेला चित्रपट न्यू जर्सीत उघडेलच असं नाही.

आता त्या मुलाचं म्हणणं. टेलिग्रामवरची फाइल कुठंही चालते हे खरंच आहे, आणि म्हणूनच चांगली माणसंही तिकडं वळतात. 'मी कुठं विकतोय, नुसता बघतोय' हे घरोघरी ऐकू येतं. पण मराठी चित्रपटाला आधीच थिएटरात मोजके शो मिळतात. ओटीटीचे आणि भाड्याचे पैसे हाच पुढे त्याचा आधार. तोही फॅमिली ग्रुपवरच्या एका फॉरवर्डनं काढून घ्यायचा? मला हे मनापासून खटकतं. कायदाही कडक झालाय. 2023 च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चोरून चित्रीकरण केलं तर किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय 'चित्रपट बघण्यासाठी हे अ‍ॅप टाका' म्हणून आलेली एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल कधीच उघडू नका. बँकेचे ओटीपी चोरणारी अ‍ॅप्स याच वाटेनं फोनमध्ये शिरतात.

फुकट बघायचं असेल तर सरळ मार्ग आहेत. अनेक जुने मराठी चित्रपट हक्कधारकांनी स्वतःच यूट्यूबवर ठेवलेत. फक्त चॅनेल कुणाचं आहे ते बघा. चित्र आरशातल्यासारखं उलटं, भोवती जाड चौकट, आवाज चिरका, असं दिसलं की ओळखावं : यूट्यूबची कॉपीराइट तपासणी चुकवायला कुणीतरी केलेला हा खटाटोप आहे. आणि उतरवायचा तर यूट्यूबच्याच डाउनलोड बटणानं, लिंक चिकटवली की व्हिडिओ उतरवून देणाऱ्या साइटवरून नव्हे.

'जुना आहे, म्हणजे कुणाचाच नाही' ही समजूतही अर्धवटच. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 'श्यामची आई' 1953 चा, म्हणजे त्याची मुदत 2013 अखेर संपली. पण 1975 चा चित्रपट तुमच्या लहानपणीचा असला तरी 2035 अखेरपर्यंत हक्काचाच आहे. गीतांचं गणित आणखी वेगळं : गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. त्यामुळे चित्रपट मोकळा झाला तरी त्यातलं गाणं कापून आपल्या चॅनेलवर टाकण्याआधी गीतकार आणि संगीतकार कधी गेले, तेवढं नक्की शोधा.