छत्रीपाइन लावण्याआधीची तयारी

पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात जमीन घेतली आणि तिथे छत्रीपाइन, म्हणजे ज्याच्या शंकूसारख्या फळातल्या बियांचा गर खातात ते पाइनचं झाड, लावायचं ठरवलं, तर आधी जूनमध्ये रोपं लावायची आपली सवय सोडा. तिथला पाऊस हिवाळ्यातला. जून ते सप्टेंबर जमीन नुसती करपते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला चांगला पाऊस झाला की लागवड करा, म्हणजे ऊन तापायच्या आत मुळं खोल गेलेली असतील.

माती मात्र त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातच खणून पाहा. रेताड, खोल, निचऱ्याची जमीन या झाडाला मानवते. सादू नदीच्या बाजूला आल्कासेर दू सालकडे गेलात तर अशा वाळूतच त्याची रानं दिसतील. पाणी साचणारी जागा सोडूनच द्या. चुनखडी जास्त असेल तर अलेप्पो पाइनच्या, म्हणजे चुनखडीत तगणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पाइनच्या, खुंटावर बांधलेली कलमं मागा. नुसत्या गरासाठी लावत असाल तरी कलमंच घ्या, कारण बियांपासून वाढलेलं झाड नीट फळायला पंधरा-वीस वर्षं लावतं. रोपवाटिकेत पिशवीच्या तळाशी पाहा. मुळं गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप घेऊ नका, पुढे ते वाऱ्यात कोलमडतं. अंतर ठरवताना मोठं झालेलं झाड डोळ्यांसमोर आणा. फांद्यांना फांद्या भिडल्या की फळ घटतं, म्हणून शेवटी दोन झाडांत आठ-दहा मीटर राहतील अशी आखणी हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिडी, कात्री, काठी काहीही आणण्याआधी एखादी फळती फांदी जवळ ओढून निरखून पाहा. टोकाशी वाटाण्याएवढं यंदाचं फळ, थोडं मागे सुपारीएवढं गेल्या वर्षीचं, आणि त्याच्या मागे मुठीएवढं, चिकट डिंकाने माखलेलं, तोडणीला आलेलं. या शंकूला पिकायला तीन वर्षं लागतात, म्हणून एकाच फांदीवर तीन वर्षांचं पीक एकदम लगडलेलं असतं. पहिल्या हिवाळ्यात मी घाईने काठीने झोडपून काढलं आणि लहान फळंही खाली आली. पुढची दोन वर्षं त्या झाडांवर जवळजवळ काहीच नव्हतं. ती रिकामी झाडं बघवत नसत. तेव्हा तोडणीला माणसं ठेवाल तर आधी त्यांना ही फांदी दाखवा. पोर्तुगालमध्ये १ एप्रिल ते १ डिसेंबर तोडणीला कायद्याने बंदी आहे, मजूर आणि यंत्र त्या हिशेबाने सांगून ठेवा.

फळं वाळत असतील किंवा बिया पोकळ निघत असतील तर अमेरिकेतून आलेल्या, शंकूतल्या बिया शोषणाऱ्या ढेकणासारख्या किडीची शंका घ्या. युरोपात ती १९९९ साली इटलीत पहिल्यांदा सापडली आणि तेव्हापासून गराचा उतारा खूप घसरलाय. हिवाळ्यात शेंड्यांवर पांढरी रेशमी घरटी दिसली तर हात लावू नका, कुत्र्यालाही जवळ जाऊ देऊ नका. त्यातल्या सुरवंटांच्या केसांनी जीभ-डोळे भयंकर सुजतात. वसंत संपायच्या आत खालच्या फांद्या छाटा, बुंध्याभोवतीचं झुडूप काढा. वणवा तिथे दरवर्षीचा आहे.

शंकू उन्हात पसरायला मोकळं अंगण लागेल, उन्हाळ्याच्या तापातच ते उमलतात. बिया कवचासकट साठवा. फोडलेला गर लवकर खवट होतो.