जुनाट कंबरदुखी आणि फिजिओथेरपी: माझा अनुभव
12 आठवड्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात. लेखापरीक्षणाच्या बैठ्या कामात माझे दुखणे त्या टप्प्यावर पोहोचले, तेव्हा एमआरआयच्या अहवालातील ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा) हे शब्द वाचून मला वाकण्याचीही भीती वाटू लागली होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी पायांतील ताकद, बधिरपणा आणि लघवीवरील नियंत्रण यांची चौकशी केली आणि मग समजावले की, असा फुगवटा पन्नाशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांतही दिसतो. माझ्या मते खरा उपचार तिथेच सुरू झाला.

रांगत्या स्थितीत विरुद्ध हात-पाय उचलणे, कुशीवरचा प्लँक आणि सेतुबंधासन हे व्यायाम त्यांनी हळूहळू वाढवत नेले. व्यायामाने थोडे दुखले, पण दुसऱ्या दिवसापर्यंत शमले, तर थांबू नये, ही त्यांची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. कामाच्या मध्ये वरचेवर उठून चालण्याचाही पुष्कळ उपयोग झाला. कंबरपट्टा मात्र त्यांनी सोडायला लावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांतही जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणे) यांची शिफारस नाही. आता कंबर क्वचित अवघडते, तेव्हा मी व्यायाम कमी करतो, बंद करत नाही.