घरात जड जड वाटतंय? दिवेलागणीला मारुतीला असं बोलवा

नवीन घरात राहायला गेलो, लहान पोरगं रात्री दचकून उठतंय, किंवा काही कारण नसताना घरात पाय टाकला की जीव घाबरा होतो, असं काही झालं की आमच्या खान्देशात पहिलं नाव निघतं ते मारुतीचं. गावाच्या वेशीवर तोच तर बसलेला असतो, अख्खं गाव राखतो त्याला आपल्या दोन खोल्या काय जड आहेत. माझी आजी म्हणायची, घाबरू नको, नाव घे, तो दखी लेई, म्हणजे तो बघून घेईल. तर हे घरच्या घरी कसं करायचं ते सांगतो, आमच्याकडे जसं करतात तसं.

शनिवारी सुरू करा. सकाळी घर झाडून पुसून घ्या आणि माळ्यावरचं, पलंगाखालचं भंगार आधी बाहेर काढा, अर्धं जडपण तिथंच असतं हा माझा अनुभव.

मग रुईची पानं. ही विकत घ्यायची गरजच नाही, भर मे महिन्यात सगळं करपलेलं असतं तेव्हासुद्धा शेताच्या बांधावर, रेल्वे रुळाच्या कडेला रुई हिरवीगार उभी असते. पण तोडताना जपून, पान तोडलं की पांढरा चीक येतो तो डोळ्यात गेला तर लई त्रास होतो, म्हणून लहान पोरांना तोडायला पाठवू नका आणि तोडून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. अकरा किंवा एकवीस चांगली पानं घ्या, किडकी फाटकी नको, धुवून चीक वाळू द्या, मग देठाजवळ सुईने दोरा ओवून माळ करा. काही जण प्रत्येक पानावर राम लिहितात, वेळ असेल तर लिहा, मारुतीला त्याच्या स्वतःच्या नावापेक्षा ते नाव जास्त आवडतं म्हणे. ही माळ, थोडं तेल, चिमूटभर उडीद आणि मीठ घेऊन पारावरच्या मारुतीला जाऊन या. शेंदूर घरी आणलात तर पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, बाजारातल्या शेंदरात शिसं असू शकतं.

खरं काम संध्याकाळचं. दिवेलागणीला देवापुढे तेलाचा दिवा लावा, टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. धुपाटण्यात गोवरीचा निखारा घेऊन त्यावर गुग्गुळ टाका आणि घरभर फिरवा, कोपरे, दाराच्या मागे, न्हाणीघर, सगळीकडे. खिडक्या उघड्या ठेवा, घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर धूप सोडून द्या, नुसता दिवा पुरतो. मग हात जोडून साध्या भाषेत सांगायचं, बाबा, मी अमुक, अमुक गावचा, या घरात आम्ही इतके जण राहतो, आमचं रक्षण कर. संस्कृत संकल्प येत नाही म्हणून काही अडत नाही.

त्यानंतर भीमरूपी. समर्थ रामदासांचं हे स्तोत्र मराठीतच आहे, आणि त्याच्या शेवटी भूत, प्रेत, समंध, रोग, चिंता यांचा नाश होतो असं सरळ सांगितलंय, म्हणून तर आमच्याकडे भीती वाटली की हेच म्हणतात. (समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं आपल्या धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात जपून ठेवलीयेत, कधी गेलात तर बघा.) पंधरा श्लोक आहेत, रोज दोन पाठ केले तरी आठ दिवसात होतं. मोबाईलवर लावून ठेवून भाजी चिरत बसायचं नाही, स्वतःच्या तोंडाने, घुमेल अशा आवाजात म्हणायचं, पोरांनाही सोबत बसवा. बायांनी म्हणावं का असं विचारतात, अहो आमच्या घरात आजीनेच सगळ्यांना शिकवलं. एकदा म्हणायला दोन-तीन मिनिटं लागतात, रोज तीनदा म्हणा, वेळ तीच ठेवा, आणि निदान पाच शनिवार सोडू नका. शेवटी गूळ-फुटाण्याचा नैवेद्य, आणि धूप केला असेल तर त्याची राख अंगारा म्हणून कपाळाला.

आता आमची गंमत. प्लॉटवर नवीन घर बांधलं तेव्हा रात्री छतावर कोणीतरी चालल्यासारखा आवाज यायचा, बायको दोन रात्री झोपली नाही. भीमरूपी सुरू केलं, धीर आला, तेव्हा कुठे रात्री टॉर्च घेऊन वर जायची हिंमत झाली, बघतो तर दिवसभर तापलेले पत्रे गार होताना कडकड वाजत होते. भीमरूपी मात्र आजही चालू आहे.

कोणी भगत सांगेल की तुमच्यावर करणी झालीय, कोंबडं द्या, पाच हजार द्या, तर सरळ दार दाखवा. भूत उतरवतो म्हणून कोणाला मारणं, डांबणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि माणूस जेवत नाही, झोपत नाही, स्वतःशीच बोलतोय असं दिसलं तर स्तोत्र चालू ठेवा पण डॉक्टरकडे त्याच आठवड्यात न्या.

आणि हो, घरातल्या फोटोला रुईची माळ घातली असेल तर पुढच्या शनिवारी ती वाळलेली असते, तापी-गिरणेत नेऊन टाकू नका, दोरा काढून पानं झाडाच्या बुडाशी मातीत पुरा.